कवितेखालची तारीख: मालगुंडचे केशवसुत आणि टेबलाच्या व्याख्येचा इतिहास

फोनमधल्या एखाद्या ॲपला अपडेट आलं, तुम्ही ते टाकलं, ॲप उघडलं आणि जुन्या नोंदी गायब. असं झालंय कधी? खर्च लिहायचं ॲप असो, नोट्सचं असो, औषधांच्या वेळा लक्षात ठेवणारं असो. आपण ॲपला शिव्या देतो, प्ले स्टोअरवर एक स्टार देतो आणि नवं ॲप शोधतो. पण पुष्कळदा गोष्ट अशी असते की तुमचा डेटा कुणी मुद्दाम पुसलेला नसतो. डेटा ज्या साच्यात ठेवला होता तो साचा बदललेला असतो, आणि जुना साचा कसा होता हे नव्या ॲपला माहीत नसतं.

या साच्याला डेटाबेसच्या भाषेत टेबलाची व्याख्या म्हणतात, म्हणजेच स्कीमा. टेबलात किती कॉलम, कोणत्या कॉलममध्ये आकडा, कुठे मजकूर, कुठे तारीख, काय रिकामं चालेल, काय नाही. ‘क्रिएट टेबल’ने तो साचा तयार होतो, ‘अल्टर टेबल’ने बदलतो. आजचा विषय या साच्याचा इतिहास. तो कुठे साठतो, परत कसा काढायचा, आणि साठवलाच नसेल तर काय होतं.

आणि हे सगळं मी एका कवीच्या आयुष्यातून सांगणार आहे. थांबा, टॅब बंद करू नका.

माझं आजोळ रत्नागिरीचं. गणपतीपुळ्याहून थोडं पुढे गेलं की मालगुंड लागतं, तिथे कवी केशवसुतांचं स्मारक आहे. लहानपणी मे महिन्यात मामा आम्हा सगळ्या भाचरांना घेऊन जायचा. आमचा अर्धा जीव समुद्रात, उरलेला आइस्क्रीमच्या गाडीपाशी, त्यामुळे स्मारक म्हणजे कौलारू घर, अंगण आणि दगडावर कोरलेल्या कविता एवढंच डोक्यात राहिलं. मागच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा मी नोकरीत एका मोठ्या भानगडीतून नुकताच बाहेर आलो होतो. आधी ती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी तेव्हा जिथे काम करत होतो तिथे ग्राहकांच्या एका टेबलात जन्मतारखेचा कॉलम साध्या मजकुराचा होता. लोक ०७/१०/१९९८ असं भरायचे, तसंच्या तसं साठायचं. कधीतरी कुणीतरी तो कॉलम तारखेच्या प्रकाराचा करून टाकला. हेतू चांगला होता. पण डेटाबेस अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, असं वाचत होता. ७ ऑक्टोबरची १० जुलै झाली. २५ ऑक्टोबरला पंचविसावा महिनाच नसल्यामुळे बदलाच्या स्क्रिप्टने तिथे रिकामी जागा ठेवली. रिकाम्या जागा लगेच दिसल्या. गुपचूप फिरलेल्या तारखा कित्येक आठवडे कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत.

दुरुस्त करायला बसलो तर पहिलाच प्रश्न अडला: हा कॉलम आधी कसा होता, आणि नेमका कधी बदलला? त्या दिवसानंतर भरलेल्या तारखा बरोबर होत्या, आधीच्या चुकीच्या. मधली रेघ कुठे मारायची? डेटाबेसला विचारलं तर तो फक्त आजची व्याख्या सांगतो. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’ लिहा, आजचं टेबल दिसेल. पोस्टग्रेसचा कॅटलॉग उघडा, तेच. ओरॅकल निदान शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळ देतो, पण बदल कोणता ते नाही. कालची व्याख्या आजच्या व्याख्येने पुसलेली असते. तुमच्या फोनमधल्या एसक्यूलाइटमध्ये तर हे डोळ्यांनी बघता येतं: प्रत्येक टेबलाचं ‘क्रिएट टेबल’ वाक्य तिथे मजकूर म्हणूनच साठवलेलं असतं, आणि ‘अल्टर’ केलं की त्याच मजकुरात खाडाखोड होते. जुनी प्रत ठेवली जात नाही.

आम्ही शेवटी जुन्या बॅकअपमधून शोधत शोधत तारीख काढली. तीन रात्री गेल्या. ज्यांच्या तारखा त्या काळातल्या कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हत्या, त्यांना फोन करून विचारावं लागलं.

हे ताजं असताना मी मालगुंडला त्या घरात उभा होतो, आणि समोर केशवसुतांची जन्मतारीख होती: ७ ऑक्टोबर १८६६. मला हसूच आलं. आमच्या टेबलात गेले असते तर कवीमहाशय जुलैत जन्मले असते. गंमत म्हणजे केशवसुतांच्या जन्मतारखेचा घोळ खरोखरच आहे. काही पुस्तकांत १५ मार्च १८६६ ही तारीख दिसते. पण इथे एक फरक लक्षात घ्या. कोणती तारीख खरी हा डेटाचा वाद आहे. तारीख कशी लिहायची, आधी दिवस की आधी महिना, हा व्याख्येचा वाद आहे. पहिल्यात एक नोंद चुकते, दुसऱ्यात सगळ्याच नोंदींचा अर्थ बदलतो. केशवसुतांनी मराठी कवितेत जे केलं ते दुसऱ्या प्रकारचं होतं.

त्यांचं खरं नाव कृष्णाजी केशव दामले. वडील केशव दामले शाळामास्तर, घरात भावंडं पुष्कळ, पैसे बेताचे. शिक्षण एका गावात झालंच नाही. कोकणातून बडोदा, वर्धा, नागपूर, मग पुणे. नागपुरात ना. वा. टिळकांशी ओळख झाली, तेही पुढे नामवंत कवी झाले. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झालं, चितळ्यांच्या रुक्मिणीशी. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले तेव्हा साल होतं १८८९, म्हणजे वय तेवीसच्या आसपास. आज इंजिनिअरिंगला दोन वर्षं गेली तर घरी केवढा तमाशा होतो! हा माणूस मॅट्रिकलाच तेविसाव्या वर्षी पोचला, आणि तोवर चांगल्या कविता लिहू लागला होता.

एक गोष्ट मला घराविषयी वाचताना फार आवडली. त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले हे मराठीचे मोठे व्याकरणकार, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा १९११ सालचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आजही अभ्यासक काढून बघतात. म्हणजे एकाच घरात एक भाऊ कवितेचे नियम बदलतोय आणि दुसरा भाषेचे नियम नीट लिहून ठेवतोय. आमच्या टीममध्ये डॉक्युमेंटेशन लिहिणारा असा एक भाऊ असता तर!

आता मुद्द्याकडे. केशवसुतांच्या आधीची मराठी कविता ज्या साच्यांत लिहिली जायची ते साचे कडक होते. शाळेत ‘वृत्त’ म्हणून जे शिकवलं आणि आपण परीक्षा संपताच विसरलो, ते आठवा. शार्दूलविक्रीडित घ्या. ओळीत बरोबर १९ अक्षरं. कोणतं लघू आणि कोणतं गुरू हे आधीच ठरलेलं: म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरानंतर थांबायचं. ही सरळसरळ टेबलाची व्याख्या आहे. १९ कॉलम, प्रत्येकाचा प्रकार ठरलेला, रिकामं चालणार नाही. तुम्ही आत कोणता शब्द भरता हा तुमचा प्रश्न, पण चुकीच्या जागी गुरू अक्षर आलं की नोंद नापास. मला हे कुणी दहावीत सांगितलं असतं तर वृत्तांचे मार्क तरी पडले असते.

केशवसुतांनी हे टेबल ‘ड्रॉप’ केलं नाही. त्यांचं काम बघताना मला इथेच सगळ्यात जास्त आदर वाटतो, कारण आमच्या धंद्यात जुनं सगळं पाडून नवं लिहू या म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी ‘अल्टर’ केलं. इंग्रजी शाळेत त्यांना सॉनेट भेटलं, १४ ओळींचा बांधीव प्रकार. तो त्यांनी मराठीत आणला आणि त्याला चतुर्दशक म्हटलं. पुढे सुनीत हे नाव रूढ झालं. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही १८९२ सालची कविता मराठीतलं पहिलं सुनीत मानली जाते. नंतरची ‘आम्ही कोण?’ बघा: ओळ जुनीच, शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरं. पण अशा ओळी १४ आणि विचाराची वळणं ठरलेली, हा बाहेरचा सांगाडा नवा. ओळीची व्याख्या ठेवली, कवितेची बदलली. जुन्या कानांना ओळ ओळखीची वाटते, आणि तरीही कविता वेगळीच असते. आम्ही याला बॅकवर्ड कम्पॅटिबल म्हणतो आणि ते जमलं की पार्टी मागतो.

साचा बदलल्याने काय भरता येईल तेही बदललं. पुण्याच्या दिवसांत आगरकरांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झालेला होता. १८८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ते अस्पृश्य मानलेल्या घरातल्या लहान मुलावर लिहितात, काम सुटलेल्या उपाशी मजुरावर लिहितात. पौराणिक आख्यानांच्या टेबलात अशा नोंदींसाठी कॉलमच नव्हता. शिवाय कवीचं स्वतःचं मन, उदासी, चिडचीड, एखाद्या क्षणी लागलेली तंद्री, हेही थेट कवितेत आलं. ‘झपूर्झा’सारखा शब्द तर कोशातही नव्हता, तो त्यांनी शीर्षक करून टाकला.

आता जो भाग वाचून मी स्मारकाच्या आवारातच बसकण मारली तो सांगतो. केशवसुतांचा संग्रह उघडा. बऱ्याच कवितांच्या खाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी असतात: वृत्त किंवा जाती, गावाचं नाव, तारीख. ‘तुतारी’खाली मुंबई आणि १८९३ चा मार्च. ‘आम्ही कोण?’खाली फैजपूर आणि १९०१ चा नोव्हेंबर. म्हणजे कोणत्या साच्यात, कुठे बसून, कधी. आमच्या तीन रात्री ज्या माहितीपायी गेल्या तीच ही माहिती! एका शाळामास्तराने ती शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, टाक दौतीत बुडवून, स्वतःच लिहून ठेवली. कुणी ऑडिट करणार नव्हतं, कुणी मॅनेजर विचारणार नव्हता. या नोंदी एकामागे एक लावल्या की संस्कृत वळणाच्या अक्षरवृत्तांपासून मात्रांच्या मोकळ्या रचनांपर्यंत हा माणूस कसा सरकत गेला ते दिसतं, आणि कोणत्या गावी असताना काय चाललं होतं तेही.

हेच काम डेटाबेसमध्ये करायची साधनं आहेत, ती इथेच सांगून टाकतो.

सगळ्यात प्रचलित रस्ता म्हणजे मायग्रेशन. टेबल थेट बदलायचंच नाही. प्रत्येक बदल एका क्रमांकाच्या फाइलमध्ये लिहायचा, फाइल गिटमध्ये ठेवायची आणि फ्लायवे किंवा लिक्विबेससारख्या साधनाने ती चालवायची. हे साधन डेटाबेसमध्येच एक छोटं टेबल ठेवतं: कोणती फाइल, कधी चालली, कुणी चालवली. फ्लायवे प्रत्येक फाइलचा चेकसमही ठेवतं, त्यामुळे जुनी फाइल नंतर कुणी गुपचूप बदलली तर पडताळणीत ते पकडलं जातं. हे कवितेखालच्या तारखेसारखं आहे, लिहिणाऱ्याने शिस्त पाळली तरच उपयोग. कुणी रात्री थेट डेटाबेसमध्ये शिरून ‘अल्टर’ मारलं तर फाइलींना पत्ताच नसतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

म्हणून दुसरा रस्ता, डेटाबेसलाच पहारेकरी करायचं. पोस्टग्रेसमध्ये ईव्हेंट ट्रिगर असतो: कुणीही व्याख्या बदलली की तो जागा होतो आणि बदल एका वेगळ्या टेबलात टिपून ठेवतो. तेही जमत नसेल तर गरिबाचा उपाय: रोज रात्री ‘पीजी-डंप’ला फक्त स्कीमा काढायला सांगा आणि ती फाइल गिटमध्ये टाका. दोन दिवसांतला फरक गिट दाखवतं.

तिसरा रस्ता मोठ्या डेटाच्या जगातला. एडब्ल्यूएसच्या ग्लू कॅटलॉगमध्ये टेबलाची व्याख्या बदलली की जुनी आवृत्ती क्रमांकासकट बाजूला ठेवली जाते, आणि ‘गेट टेबल व्हर्जन्स’ ही कमांड दिली की सगळ्या आवृत्त्यांची यादी येते. दोन शेजारी ठेवा, कोणता कॉलम कधी आला ते दिसेल. दोन खाचखळगे आहेत. बदल करताना जुनी आवृत्ती ठेवू नकोस असं सांगितलेलं असेल तर ती मिळत नाही. आणि टेबलच डिलीट केलं तर त्याच्या आवृत्त्याही हाताला लागत नाहीत. अपाचे आइसबर्गमध्ये टेबलाच्या मेटाडेटातच जुने स्कीमा क्रमांकाने राहतात, शिवाय प्रत्येक कॉलमला कायमचा एक नंबर असतो. नाव बदललं तरी नंबर तोच. कृष्णाजी केशव दामले म्हणा की केशवसुत, माणूस तोच, तसं.

आणि तुमच्या फोनमधलं? अँड्रॉइडवर रूम नावाची लायब्ररी वापरणारे ॲप-डेव्हलपर स्कीमा एक्स्पोर्ट चालू ठेवू शकतात. मग प्रत्येक आवृत्तीची १, २, ३ अशी फाइल प्रोजेक्टमध्ये साठते. दोनवरून तीनवर कसं जायचं हे लिहिलेलं नसेल तर अपडेटनंतर ॲप उघडताच बंद पडतं. आणि डेव्हलपरने जमलं नाही तर टेबल पाडून नवीन कर अशी सूट दिली असेल, तर ॲप चालतं, नोंदी जातात. सुरुवातीला म्हटलेला तुमच्या खर्चाच्या ॲपचा प्रसंग बऱ्याचदा हाच.

परत केशवसुतांकडे, कारण पुढचा भाग सोपा नाही.

मॅट्रिकनंतर ते मुंबईत आले. शिक्षकाच्या नोकऱ्या, कधी तात्पुरतं काम, शिकवण्या, आणि कायमची ओढाताण. कविता मासिकांकडे जायच्या: ‘करमणूक’, ‘मासिक मनोरंजन’, जळगावची ‘काव्यरत्नावली’. स्वतःचा संग्रह मात्र हयातीत निघाला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तेव्हाचा प्लेग म्हणजे लॉकडाउनमध्ये आपण जे पाहिलं त्याहूनही भीषण, आणि औषध जवळजवळ काहीच नाही. केशवसुत मुंबई सोडून खानदेशात गेले. आधी भडगाव, मग १९०१ पासून फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापक. पुस्तकांपासून, दोस्तांपासून, मुंबईच्या गजबजाटापासून दूर. तरीही लिहिणं थांबलं नाही, आणि खाली गाव, तारीख टाकणंही नाही. १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कूलमध्ये मराठीचे शिक्षक म्हणून बदलून आले.

१९०५ च्या नोव्हेंबरमध्ये ते जवळच्या हुबळीला नातलगांकडे गेले होते. ज्या रोगापायी मुंबई सोडली होती तो तिथे गाठ पडला. ७ नोव्हेंबरला ते गेले, वय ३९. काही दिवसांतच रुक्मिणीबाईही प्लेगनेच गेल्या. मागे लहान मुली राहिल्या. आणि कविता, सव्वाशेच्या वर, मासिकांच्या जुन्या अंकांत, वह्यांत, मित्रांकडे पांगलेल्या.

कल्पना करा, सर्व्हर जळाला आहे आणि बॅकअप वेगवेगळ्या लोकांच्या पेनड्राइव्हवर आहेत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणारे हरिभाऊ आपटे यांनी ते काम अंगावर घेतलं. कविता गोळा केल्या आणि मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी ‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक काढलं. हरिभाऊंनी हे केलं नसतं तर मालगुंडला दगडावर कोरायला काय उरलं असतं हा विचार मला अस्वस्थ करतो.

पण पुस्तक म्हणजे एक आवृत्ती, इतिहास नव्हे. मासिकात छापलेली ओळ, वहीतली ओळ आणि पुस्तकातली ओळ नेहमी एक नसते. नंतर हस्ताक्षरातल्या कविताही छापून पुढे आल्या आणि अभ्यासक पाठभेद जुळवत बसले. कुठला शब्द कवीने स्वतः बदलला, कुठला संपादकाच्या हातून गेला, कुठला छापखान्यात चुकला? दोन मजकूर शेजारी ठेवून फरक बघणं हे गिटचा ‘डिफ’ करतो तेच काम आहे, फक्त ते माणसांनी डोळ्यांनी केलं, भिंगं घेऊन. आणि इथे कवितेखालची ती तारीख कामाला येते. कविता केव्हा आणि कुठे लिहिली ते पक्कं असेल तर शोधाला निदान एक टोक मिळतं, मधली रेघ मारायला जागा मिळते. आम्हाला तेवढंच हवं होतं.

मालगुंडचं घर आज नीट राखलेलं आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने ते स्मारक उभं केलं, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किती गाड्या न थांबता पुढे जातात देव जाणे. तासभर पुरतो. कविता वाचताना खालची बारीक ओळही वाचा.

त्या दिवशी संध्याकाळी मामाकडे आलो तर एक काम अडलेलं होतं, एका कॉलमची लांबी वाढवायची होती. घरात रेंज नाही म्हणून मी फोनचा हॉटस्पॉट घेऊन माडीवरच्या खिडकीत बसलो. मामी खालून दोनदा चहाला हाका मारून गेली. मायग्रेशनची फाइल लिहिली, वरती कॉमेंटमध्ये बदलाचं कारण, आधीची लांबी, नवी लांबी आणि तारीख टाकली. मग जरा थांबलो आणि त्याच्याखाली गावाचं नावही टाकलं. रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं. राहू दे म्हटलं, त्याने राहू दिलं. ती ओळ अजून तिथे आहे.